डरबनचा पापवा आणि वासेनारची वाळू



आपल्या मंडळात गोल्फचं वेड नेमकं कधी शिरलं ते सांगता येणार नाही, पण दर उन्हाळ्यात आम्हा पाच-सहा जणांच्या गाडीच्या डिकीत छत्री आणि ढोकळ्याच्या डब्याशेजारी गोल्फच्या काठ्या दिसू लागल्या आहेत, हे मात्र खरं. घरच्या मंडळींचं मत विचाराल तर ते छापण्यासारखं नाही. तरीही यावेळी लेख गोल्फवरच लिहितो आहोत. ज्यांना गोल्फमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीसुद्धा पुढे वाचावं ही विनंती, कारण गोष्ट आहे ती एका भारतीय वंशाच्या माणसाची आणि आपल्या हेगच्या शेजारच्या वाळूची.

झालं असं की आमच्यापैकी एकजण डच ओपन या इथल्या जुन्या गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची यादी चाळत होता. १९१२ पासून चालत आलेली ही स्पर्धा. यादीत स्पेनचा सेवे बायेस्टेरोस आहे, जर्मनीचा बर्नहार्ड लांगर आहे, आपल्या इथला योस्ट लाऊतन आहे. आणि मधेच १९५९, १९६० आणि १९६४ या तीन सालांसमोर एकच नाव आहे: सेवसंकर सेवगोलम, दक्षिण आफ्रिका. आम्ही सगळे थबकलोच. सेवसंकर म्हणजे आपलं शिवशंकर की! वसाहतीतल्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं. हेगमधल्या सुरिनामी हिंदुस्तानी शेजाऱ्यांच्या दारावरच्या पाट्या वाचायची सवय असल्यामुळे हे कोडं आम्हाला पटकन सुटलं. इतकी वर्षं या देशात राहून, त्याच वाळूच्या टेकड्यांमधून सायकली हाकून, हे नाव आमच्या कानावर आलं नव्हतं याची थोडी लाजही वाटली. मग जमेल तेवढं वाचून काढलं. त्याच्यावर इंग्रजीत चांगली चरित्रं आहेत, त्यातलं क्रिस्टोफर निकोलसन यांचं २००५ सालचं.

सगळं जग त्याला पापवा म्हणायचं. आपण सचिनला सचिन म्हणतो तसं आम्हीही त्याला एकेरीतच पापवा म्हणणार आहोत.

पापवाचा जन्म डरबनमधला, १९३० च्या आसपासचा. घराणं गिरमिटिया मजुरांच्या वंशातलं. १८६० ते १९११ या काळात सुमारे दीड लाख भारतीय माणसं करारावर सही किंवा अंगठा देऊन नाताळ प्रांतातल्या उसाच्या मळ्यांवर गेली. ती भरती थांबवण्यामागे एक मराठी माणूस होता हे इथे सांगितलंच पाहिजे. १९१० साली नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यात व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला, १९११ मध्ये ती बंद झाली आणि १९१२ च्या शेवटी नामदार स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन आले. भरती थांबली तरी गेलेली माणसं तिथेच राहिली, त्यांची मुलं-नातवंडं तिथेच वाढली. पापवा त्यातलाच एक. आई अंध, घरात कमालीची गरिबी. शाळा अशी फारशी झालीच नाही, त्यामुळे मोठेपणीही त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं.

पोटासाठी तो लहानपणीच बीचवुड नावाच्या गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून जाऊ लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी वाहणारा पोऱ्या. नुसती हमाली मात्र नव्हे. चेंडू कुठे पडला ते बघायचं, झेंडा किती लांब आहे ते सांगायचं, जमिनीचा उतार कुठे आहे, वारा वर कसा वाहतो आहे आणि खाली कसा, हेही साहेबाला सुचवायचं. बीचवुड समुद्राला लागून आहे, शेजारी हिंदी महासागर घोंघावतो. झाडाच्या फांदीची काठी करून त्याने किनाऱ्यावर चेंडू मारायला सुरुवात केली असं सांगतात. शिकवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे काठी कशी धरायची हेही त्याचं त्यानेच ठरवलं, आणि ठरवलं ते नेमकं उलटं.

हे समजून घ्यायला बॅट आठवा. उजव्या हाताने खेळणारा फलंदाज डावा हात वर, मुठीच्या टोकाकडे ठेवतो आणि उजवा खाली. गोल्फमध्येही तसंच. पापवा उभा राहायचा उजव्या माणसासारखा, पण उजवा हात वर आणि डावा खाली. घरी बॅट असेल तर एकदा करून बघा. मनगटं एकमेकांत अडकल्यासारखी होतात. आम्ही मैदानावर प्रयत्न केला तेव्हा चेंडू जागेवरच राहिला आणि गवताचा मोठा तुकडा मात्र दहा पावलं पुढे गेला. जगातला कुठलाही शिक्षक ही पकड पहिल्या दिवशीच मोडून काढेल. पापवाला शिक्षकच नव्हता, म्हणून ती टिकली, आणि त्याच पकडीने त्याने पुढे जगातल्या चांगल्या चांगल्या व्यावसायिकांना हरवलं.

बीचवुडवर त्याला ग्रॅहम वुल्फ नावाच्या गोऱ्या उद्योजकाने हेरलं. आपल्या आया-मावश्यांच्या ड्रेसिंग टेबलावरचं ऑइल ऑफ ओले आठवतंय? ते डरबनमध्ये तयार करणारे हेच गृहस्थ. पापवा बिगरगोऱ्यांच्या स्पर्धा जिंकत होता, पण गोऱ्यांच्या स्पर्धांची दारं त्याला बंद होती. १९५९ साली वुल्फ यांनी त्याला युरोपात नेलं. त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये म्युरफील्डला दक्षिण आफ्रिकेच्याच गॅरी प्लेअरने ब्रिटिश ओपन जिंकली. एकाच देशाचे, जवळपास एकाच वयाचे दोन खेळाडू. एकाला देशातलं प्रत्येक मैदान खुलं, दुसऱ्याला पिशवी वाहण्यापुरतं. आणि त्याच वर्षी हा दुसरा इथे आपल्या हेगजवळ डच ओपन जिंकून गेला.

आता मैदानाबद्दल सांगतो, कारण पापवा इथे कसा जिंकला हे त्याशिवाय कळणार नाही. ज्यांना हे सगळं पाठ आहे त्यांनी दोन-चार परिच्छेद गाळले तरी चालेल, पण आमच्या मते खरी मजा इथेच आहे.

१९५९ ची स्पर्धा वासेनारच्या हेग क्लबच्या मैदानावर झाली. हा या देशातला सर्वांत जुना गोल्फ क्लब, १८९३ चा. जुनं मैदान महायुद्धात गेलं आणि युद्धानंतर क्लब वासेनारच्या टेकड्यांमध्ये, एका उद्योगपतीसाठी युद्धाच्या तोंडावर बांधलेल्या मैदानावर आला. सपाट हॉलंडमध्ये असं मैदान असेल यावर विश्वास बसत नाही. समुद्राने आणि वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या आहेत तशाच ठेवून त्यांच्यामधून गवताचे पट्टे काढले आहेत. चेंडू कधी पायांच्या वर, कधी पायांच्या खाली, आणि सपाट जागेवर उभं राहून मारायला मिळाला तर तो भाग्याचा दिवस. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या अशा वाळूच्या पट्ट्याला लिंक्स म्हणतात, गोल्फ तिथेच वाढला. वासेनारला काही ठिकाणी झाडी आहे, म्हणून कट्टर मंडळी त्याला शंभर टक्के लिंक्स म्हणणार नाहीत. पण खेळ मात्र त्याच जातीचा.

अशा जमिनीचा पहिला गुण म्हणजे पाणी धरून न ठेवणं. आपल्याला हे नवीन नाही. अ‍ॅमस्टरडॅमला १८५३ पासून याच टेकड्यांमधून गाळलेलं पिण्याचं पाणी मिळतं. पाऊस पडून गेला की वाळू पाणी खाली सोडते आणि वरचं गवत पुन्हा कडक. चिखलाच्या मैदानावर चेंडू जिथे पडतो तिथेच रुतून बसतो, त्यामुळे तिथे सगळा खेळ हवेतला. कडक वाळूवर चेंडू पडल्यावर खरा खेळ सुरू होतो. तो उसळतो, घरंगळतो, उंचवट्याला लागून डावीकडे वळतो, उतारावरून गपकन खड्ड्यात जातो. झेंड्यावर थेट उंच चेंडू टाकणारा माणूस इथे फसतो, कारण चेंडू झेंड्याजवळ पडून टणकन पलीकडे जातो. जाणता माणूस तीस-चाळीस पावलं अलीकडे टाकतो आणि बाकीचं काम जमिनीकडून करून घेतो.

दुसरा गुण वारा. आपण सगळे इथे सायकल चालवतो, त्यामुळे समोरचा वारा म्हणजे काय हे सांगायला नको. पण गोल्फमध्ये एक गंमत होते. समोरून वारा असला की माणूस जीव खाऊन मारतो. जोरात मारलेल्या चेंडूला उलटी फिरकी जास्त मिळते, जास्त फिरकीने तो जास्त वर चढतो आणि वर गेलेल्या चेंडूला वारा अलगद उचलून मागे ढकलतो. म्हणजे जेवढा जोर तेवढा तोटा. त्यामुळे जाणकार लांब पल्ल्याची काठी घेतात, छोटा आणि शांत फटका मारतात आणि चेंडू कमरेच्या उंचीवरून वाऱ्याखालून पाठवतात. ऐकायला सोपं आहे. आमच्यापैकी एकाला हे कळायला तीन उन्हाळे लागले आणि अजून हाताला कळलेलं नाही.

मैदान तेच असलं तरी स्पर्धेच्या दिवशी ते मांडणारे लोक रोज वेगळं कोडं घालू शकतात. प्रत्येक खेळपट्टीवरचं ते भोक, व्यास फक्त १०८ मिलिमीटर, रोज नव्या जागी पाडतात. ते मधोमध पाडलं तर सगळे खूश. तेच वाळूच्या खड्ड्यामागे कोपऱ्यात पाडलं की आदल्या दिवशी जो मारा उत्तम होता तो आज घातक ठरतो. मग विचार मागून पुढे करावा लागतो: झेंडा डावीकडे लपलेला असेल तर दुसरा फटका उजवीकडून मोकळा मिळतो, म्हणून पहिला फटका उजवीकडे ठेवायचा, भले तो रस्ता लांबचा असेना. पहिला फटका जिथून मारायचा तो चौथरा वीस पावलं पुढे-मागे केला की काल जो खड्डा चेंडूने सहज ओलांडला होता तो आज बरोबर तोंड उघडून बसतो. कडेचं गवत किती वाढू द्यायचं, मधला पट्टा किती रुंद कापायचा हेही मांडणाऱ्यांच्याच हातात. १९९९ साली स्कॉटलंडच्या कार्नुस्टीला त्यांनी पट्टे इतके अरुंद आणि गवत इतकं माजवलं की विजेत्यालाही चार दिवसांत ठरलेल्या फटक्यांपेक्षा सहा जास्त लागले. याउलट भोकाजवळचं गवत फार बारीक कापणंही वाऱ्याच्या मैदानावर महागात पडतं. २०१५ साली सेंट अँड्र्यूजला वाऱ्याने चेंडू आपोआप हलू लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबवावा लागला. आणि डोकं वापरून खेळणं म्हणजे काय याचा आमचा आवडता दाखला २००६ चा. होयलेकला जमीन उन्हाने करपून दगडासारखी झाली होती. टायगर वुड्ससारख्या लांब मारणाऱ्या माणसाने सबंध चार दिवसांत सर्वांत लांब पल्ल्याची काठी फक्त एकदा वापरली, खड्डे अलीकडूनच टाळले आणि ब्रिटिश ओपन जिंकली.

म्हणजे अशा मैदानावर नुसती ताकद पुरत नाही. जमीन वाचता आली पाहिजे. आता सांगा, जमीन वाचायचं काम लहानपणापासून कुणी केलं होतं? समुद्राकाठच्या बीचवुडवर दुसऱ्यांच्या पिशव्या वाहत, हा उंचवटा चेंडू कुठे पाठवतो, हा वारा दुपारनंतर कुठे फिरतो, हे ज्याने वर्षानुवर्षं पायाखाली पाठ केलं होतं त्यानेच. गोऱ्या खेळाडूंच्या मागे पिशवी वाहणाऱ्या माणसाला त्याच कामाने वासेनारसाठी तयार केलं होतं, असं आम्हाला वाटतं. उलट्या पकडीमुळे तो हसण्याचा विषय व्हायचा. पण टेकड्यांच्या मैदानावर चेंडू कधी गुडघ्याएवढ्या उंचीवर तर कधी खड्ड्यात असतो, तिथे पुस्तकातली पकड कुणालाच फार काळ साथ देत नाही. तिथे हातांना जुळवून घ्यावं लागतं, आणि पापवाचे हात जन्मभर तेच करत आले होते.

कुणी म्हणेल, एकदा जिंकला असेल, नशीब. म्हणून पुढचं वर्ष महत्त्वाचं. १९६० ची डच ओपन आइंडहोव्हनच्या मैदानावर झाली. आपल्यातल्या फिलिप्समध्ये काम केलेल्या मंडळींना वाल्केन्सवार्डचं ते रान ठाऊक असेल. ते मैदान फिलिप्स घराण्याच्या पुढाकाराने हॅरी कोल्ट या इंग्रज रचनाकाराने १९३० च्या सुमारास आखलेलं. इथे समुद्र नाही, टेकड्या नाहीत. पाइनची झाडी, हीथरची झुडपं, पण खाली तीच वाळू आणि तोच कडक उसळता पृष्ठभाग. झाडीतून वारा कळत नाही, चेंडू झाडांच्या वर गेला की मगच तो पकडतो. पापवा तिथेही जिंकला. १९६४ साली स्पर्धा पुन्हा आइंडहोव्हनला आली आणि तिसऱ्यांदा तोच जिंकला. समुद्राकाठी एकदा आणि रानात दोनदा.

मधल्या काळात, १९६३ साली, तो लिथमला ब्रिटिश ओपन खेळला. लिथम म्हणजे अस्सल लिंक्स, वाळूच्या खड्ड्यांनी चाळणी झालेलं मैदान, इतक्या खड्ड्यांचं की ताकदीपेक्षा दिशा मोलाची. ती स्पर्धा न्यूझीलंडच्या डावखुऱ्या बॉब चार्ल्सने जिंकली, कुठलीही मोठी स्पर्धा जिंकणारा तो पहिला डावखुरा. आणि आपला उलट्या पकडीचा पापवा बरोबरीने तेराव्या स्थानावर आला. सरळ हातांच्या लोकांचं ते वर्षच नसावं.

आता मात्र डरबनला परत जावं लागतं.

अपार्टहाइट हा शब्द आपल्याला इथे राहून जास्त टोचतो. डच शिकताना दुसऱ्या-तिसऱ्या धड्यात आपार्ट म्हणजे वेगळं हे शिकतो, हाइट म्हणजे पणा. वेगळेपणा. दुकानात बिल वेगवेगळं द्यायचं असलं की आपण हाच शब्द वापरतो. पापवाच्या देशात त्या शब्दाचं सरकार होतं. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने कुणी कुठे राहायचं, कुठे उठायचं-बसायचं हे वंशावरून ठरत होतं. युरोपात नाव झाल्यावर पापवाला काही गोऱ्यांच्या स्पर्धांत खेळायची परवानगी मिळू लागली, पण ती गवतापुरती. क्लबहाऊसमध्ये कपडे बदलायला, जेवायला, बसायला जायचं नाही.

जानेवारी १९६३. नाताळ ओपन, मैदान डरबन कंट्री क्लबचं. हेही समुद्राकाठचं, वाळूच्या टेकड्यांवरचं. त्याच्या बाराव्या टप्प्याची एक दंतकथाच आहे. हिरवळ इतकी उंच आणि निमुळती की इंग्लंडचे त्यावेळचे युवराज एका बाजूने चढवलेला चेंडू दुसऱ्या बाजूने खाली घालवत सोळा-सतरा फटके खर्च करून बसले होते म्हणे. अशा मैदानावर शंभराहून अधिक गोऱ्या खेळाडूंमध्ये पापवा एका फटक्याने जिंकला. बक्षीस समारंभाच्या वेळी पाऊस आला. क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. पापवाने करंडक बाहेर, पावसात उभं राहून घेतला.

त्याचं छायाचित्र जगभर छापलं गेलं. दक्षिण आफ्रिकेवर खेळांतून बहिष्कार घाला म्हणणाऱ्यांना शंभर भाषणांनी मिळालं नसतं ते त्या एका चित्राने दिलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं दक्षिण आफ्रिकेचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, आणि पुढे अनेक खेळांचे दरवाजे त्या देशाला बंद झाले. याचं सगळं श्रेय पापवाला देणं बरोबर होणार नाही, बहिष्काराची चळवळ कितीतरी लोकांनी आपली आयुष्यं घालून उभी केली. पण आम्हाला एक गोष्ट राहून राहून वाटते. पापवा चळवळ्या नव्हता. त्याला भाषण करायचं नव्हतं, त्याला खेळायचं होतं. त्याने फक्त सगळ्यात कमी फटके घेतले, आणि तेवढ्याने सरकारची अडचण झाली. क्रिकेटमध्ये पंचाचा निर्णय असतो, निवड समिती असते, कर्णधाराची मर्जी असते. गोल्फमध्ये शेवटी एक कागद आणि त्यावरचे आकडे असतात. ते आकडे पुसता येत नव्हते.

१९६५ साली त्याने नाताळ ओपन पुन्हा जिंकली, यावेळी गॅरी प्लेअरला मागे टाकून. प्लेअर तेव्हा जगातल्या पहिल्या तीन-चार खेळाडूंमध्ये गणला जात होता. समुद्राकाठच्या मैदानावर पिशवी वाहणारा पोऱ्या आता जगज्जेत्यालाही हरवतो, हे सगळ्यांसमोर आलं. हे फार झालं. १९६६ साली सरकारने त्याला देशातल्या स्पर्धांमधून बंदी केली आणि पासपोर्टही काढून घेतला. घरात खेळता येईना, बाहेर जाता येईना.

हे वाचताना आमच्यातला एकजण एकदम गप्प झाला. आपण सगळे इथे पासपोर्टच्या जोरावर आलो. व्हिसाच्या रांगा, परवान्याची मुदत, नगरपालिकेतले अर्ज यांच्या गोष्टी आपण दर गणेशोत्सवात चवीने सांगतो. पण पासपोर्ट हातात असण्यावर कुणाचा हात किती दिवस चालणार हे ठरावं, याचा विचार आपण कधी केलेला नसतो. पापवा तेव्हा पस्तिशी-छत्तिशीचा असेल. गोल्फपटूच्या आयुष्यात हा काळ ऐन उमेदीचा. प्लेअरने मोठ्या स्पर्धा १९७८ पर्यंत जिंकल्या. त्याच १९७८ च्या जुलैत पापवा डरबनमध्ये हृदयविकाराने गेला. हातात पैसा राहिला नव्हता, पन्नाशीही गाठली नव्हती.

पासपोर्ट राहिला असता तर तो किती जिंकला असता, हा हिशेब घालण्यात अर्थ नाही. इथलंच एक सांगतो. १९७६ साली झांडव्होर्टजवळच्या केनेमर मैदानावर, म्हणजे कोल्टनेच आखलेल्या अस्सल टेकड्यांच्या मैदानावर, एकोणीस वर्षांचा एक स्पॅनिश पोरगा डच ओपन जिंकला. तोही समुद्राकाठी वाढलेला, तोही कॅडी, तोही एकाच काठीने किनाऱ्यावर चेंडू मारून शिकलेला. सेवे बायेस्टेरोस. युरोपातली त्याची ती पहिली मोठी जीत, आणि पुढे सगळं जग त्याचं झालं. दोघांचं शिक्षण एकाच शाळेत, वाळूवर. एकाच्या खिशात पासपोर्ट होता.

आज डरबनमध्ये उमगेनी नदीकाठी पापवाच्या नावाचं सार्वजनिक गोल्फ मैदान आहे, आणि सरकारने मरणोत्तर त्याचा सन्मानही केला. ज्या बीचवुडवर त्याने पिशव्या वाहिल्या ते मैदान पुढे डरबन कंट्री क्लबच्याच मालकीचं झालं, म्हणजे पावसात ज्याच्या दाराबाहेर तो उभा राहिला त्या क्लबच्या.

१९५९ साली तो वासेनारला आला तेव्हा हेगमध्ये भारतीय चेहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. सुरिनाममधून आपली हिंदुस्तानी मंडळी मोठ्या संख्येने आली ती १९७५ च्या स्वातंत्र्याच्या आगेमागे. तीही गिरमिटियांचीच लेकरं. १८७३ साली कलकत्त्याहून लल्ला रूख जहाजातून त्यांचे पूर्वज सुरिनामला गेले, पापवाचे नाताळला. जहाज कुठलं आणि बंदर कुठलं एवढाच फरक. हेगच्या ट्राममध्ये शेजारी बसलेल्या एखाद्या सुरिनामी काकांना पापवाचं नाव विचारून बघा. आम्ही दोघांना विचारलं. एकाला माहीत नव्हतं. दुसऱ्यांनी मात्र डोळे बारीक करून विचारलं, तो उलट्या हाताचा ना? त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं म्हणे.

ज्यांना गोल्फ खेळायचा नाही त्यांच्यासाठी शेवटची सूचना. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी आम्ही काहीजण मेइंडेलच्या टेकड्यांमधून चालणार आहोत. वासेनारचं मैदान तिथून फार लांब नाही, आणि टेकडीवर उभं राहिलं की वारा पश्चिमेकडून कसा येतो ते अंगावर कळतं. नंतर पॅनकेक. लहान मुलांना आणायला हरकत नाही, वाळू भरपूर आहे. वाऱ्यासाठी जाड जॅकेट मात्र प्रत्येकाने आपापलं आणावं, मागच्या वेळी काहींनी आमची पळवली होती.